हुडाच्या अकरा कड्या

पहिलीच कडी कापताना हात चुकला. ग्राइंडरचं चाक कडीच्या बुडातून जायच्या ऐवजी खाली घसरलं आणि जीपच्या काचेच्या फ्रेमला नखाएवढी फट पडली. मी घाबरून ग्राइंडर बंद केला, फटीत स्क्रू-ड्रायव्हरचं टोक घातलं, तर ते सरळ आत गेलं. मागे पत्रा नव्हताच. वेल्डिंगच्या ज्या जाड गाठीकडे मी बाहेरून बघत होतो, तिच्या पाठीमागे तीस वर्षांत सगळा तपकिरी भुगा झाला होता. कडी मात्र जागची हलत नव्हती.

दादा ओट्यावर बसून पेपर वाचत होते. आवाज थांबला तसं त्यांनी मान वर केली. "कामून थांबलास? काप की सगळीच. भंगारवाला कडीसकटच तोलतोय."

जीप भंगारात द्यायची, हे दादांचं गेल्या तीन वर्षांपासूनचं म्हणणं. द्यायची नाही, हे माझं. आमच्यात याच्यापलीकडे त्या जीपविषयी कधी बोलणं झालं नव्हतं.

आमचं घर मांजरसुंब्याला, चौकापासून नेकनूरच्या रस्त्याने थोडं आत. बीडहून पाली ओलांडून घाट चढून वर आलं की मांजरसुंबा लागतं. बीड, सोलापूर, पाटोदा आणि केज अशा चारी दिशांची वाहनं इथे एकमेकांना भेटतात. धुळे-सोलापूर महामार्ग चौपदरी झाला तसं चौकाचं रूप बदललं, धाबे मागे सरकले, उड्डाण घेतल्यासारख्या गाड्या जायला लागल्या. एक गोष्ट तेवढी तशीच आहे. पावसाळा सरता सरता बालाघाटातली सीताफळं रस्त्याच्या कडेला येतात. पाट्या मांडून माणसं बसतात. दादा कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन दुकानं फिरणारा माणूस. पण घाटाच्या वरच्या अंगाला एक पाटी आहे, तिथे ते कधी घासाघीस करत नाहीत. सांगेल तो भाव देतात, सुटे परत घेत नाहीत. लहानपणापासून मी हे बघत आलो होतो. तिथली सीताफळं चांगली असतील, एवढाच मी त्याचा अर्थ लावला होता.

जीप १९७२ची, महिंद्राची सीजे-थ्री-बी. विलीजचं हे मॉडेल अमेरिकेत १९५३ला आलं. नवं हरिकेन इंजिन जुन्यापेक्षा उंच, कारण त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेलेले. ते मावावं म्हणून जुन्या जीपचं बॉनेट वर उचललं, आणि जीपला तो उंच कपाळाचा, जरासा बावळट चेहरा मिळाला. तिकडे १९६८ला हे मॉडेल बंद पडलं. १९४७पासून विलीजचे सुटे भाग आणून जोडणाऱ्या महिंद्राने मात्र ते इथे पुढे कितीतरी वर्षं बनवलं. त्यामुळे आपल्याकडे 'जीप' म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते बहुधा हेच उंच कपाळ.

१९७२ हे साल आमच्याकडे दुष्काळासाठी लक्षात ठेवतात. ही जीप सरकारी होती आणि दुष्काळी कामांवर फिरली असणार, असं आबा, म्हणजे माझे आजोबा, छाती पुढे काढून सांगत. कागदावर त्याला काही आधार नाही. त्यांनी ती १९८८ला लिलावात घेतली. शेतीला, बाजाराला, लग्नाला आणि जत्रेला. प्रवासी वाहतुकीचा परवाना नव्हता, प्रवासी होते. त्या काळी लोक अशा जीपांचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल टाकायचे. आमच्याकडे तेवढा पैसा एकरकमी कधी जमला नाही. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळून काम भागवलं, हे आता सांगायला हरकत नसावी. गरिबीमुळे का होईना, इंजिन मूळचं राहिलं आणि त्यानेच पुढे जीप वाचवायची वाट दिसली.

जुलै २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची वेगळी सोय झाली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात राखलेली, मोठी उलथापालथ न केलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीचे वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. धंद्यासाठी वापरता येत नाही, रोज रस्त्यावरही काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच बाहेर. म्हणजे ज्या कामांसाठी आबांनी ती घेतली, त्यातलं एकही काम ती आता कायद्याने करू शकणार नव्हती. पण भंगारवाल्याच्या काट्यावर जाण्यापेक्षा बरं.

यातले कळीचे शब्द 'मूळ स्वरूपात'. आमच्या जीपचं इंजिन मूळचं, चासी मूळची, गिअरबॉक्स मूळचा. हुडाच्या कड्या मात्र नव्हत्या. या जीपला डोक्यावर कापडी हूड असतं. मागच्या बाजूला वाकवलेले पाइप उभे, त्यांच्यावर कॅनव्हास ताणलेला, पुढे तो काचेच्या फ्रेमला धरलेला, खाली पट्ट्यांनी बॉडीला. आमच्या जीपला पुढे पाच, बाजूंना चार आणि मागे दोन अशा अकरा लोखंडी कड्या आर्क वेल्डिंगने चिकटवलेल्या होत्या. गंजलेल्या सळईचे वाकडे तुकडे, भोवती शेणाच्या पोसारखी वेल्डिंगची थापटी. जुन्या गाड्यांतला एक जाणकार बघायला आला होता, तो बाकी सगळ्यावर खूश होता. जाताना म्हणाला, "हे तेवढं काढा. हे म्हणजे नवरीला पत्र्याचे झुमके."

माझी डिग्री मेकॅनिकलची, नोकरी पुण्यात सॉफ्टवेअरची. आमच्या वर्गातल्या निम्म्यांची गोष्ट हीच. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या धातूचं काय होतं, यावर मी परीक्षेत आकृतीसह पानभर उत्तर लिहिलंय. वेल्डिंगचा रॉड मात्र हातात धरला नव्हता. त्या मे महिन्यात घरून काम करायची परवानगी मिळाली तेव्हा दिवसा कॉल आणि पहाटे जीप, असा बेत केला.

पहिल्या कडीचा घोळ झाल्यावर मी चौकातल्या वेल्डिंगवाल्या चाचांकडे गेलो. आता सत्तरी ओलांडलेले. दुकान मुलगा बघतो, ते खुर्ची टाकून बसतात. मी फ्रेमचा फोटो दाखवला. त्यांनी फोटोपेक्षा आधी दुसरंच विचारलं.

"टाकी काढली का?"

मी गप्प. सीजेची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. मी तिच्यापासून हातभर अंतरावर ठिणग्या उडवत होतो.

"रिकामीच आहे, चाचा. सतरा वर्षं उभी आहे गाडी."

"रिकामीच वाईट. भरलेली टाकी जळते, रिकामी फुटते. आत वाफ राहती." मग मुलाकडे वळून, "बघ, इंजिनेर आहे."

हे मला माहीत असायला हवं होतं. द्रव पेट्रोल पेट घेत नाही, पेट घेते हवेत मिसळलेली वाफ, हे कुणालाही पाठ असतं. माझंही पाठच होतं. त्या दुपारी टाकी उतरवली, लांब नेऊन ठेवली, बॅटरीची वायर सोडवली, काचेवर ओलं पोतं टाकलं आणि मग पुन्हा बसलो.

दुसऱ्या कडीपासून पद्धत बदलली. कडी पत्र्यालगत कापायची नाही. दोन-तीन मिलिमीटर वर कापायची आणि उरलेला खुंट फ्लॅप डिस्कने हळूहळू खाली आणायचा. पाच सेकंद घासायचं, थांबायचं, बोट लावून बघायचं. बोट टेकवत नसेल तर पाणी पिऊन यायचं. पत्रा सव्वा मिलिमीटरच्या आतबाहेरचा. तापला की फुगतो, आणि एकदा फुगलेला पत्रा थंड झाल्यावर होता तसा बसत नाही. एका सकाळी दोन कड्या, त्याहून जास्त नाही. कामाच्या ठिकाणी मला कुणी एवढा सावकाश बघितला असता तर विचारपूस झाली असती.

आणि मग त्या कड्यांखाली काय होतं ते दिसायला लागलं. हिरव्या रंगाखाली पांढरा रंग, पांढऱ्याखाली जोडीजोडीने बुजवलेली भोकं. ही मूळच्या फास्टनरांची जागा. आकृत्या शोधल्या, जुने फोटो मोठे करून बघितले. जीपच्या कापडी कामात दोन-तीन प्रकारची फास्टनरं भेटतात. एक फिरकीचं बटण: कापडातल्या लांबट छिद्रातून वर येतं आणि आडवं फिरवलं की अडकतं. दुसरं 'लिफ्ट द डॉट'. हे मला फार आवडलं. त्याच्या टोपीवर एका कडेला ठिपका असतो. तीन बाजूंनी कितीही ओढा, ते सुटत नाही; ठिपक्याच्या बाजूने अलगद उचललं की क्षणात सुटतं. वाऱ्याचा ओढा कुठून येणार हे ठरवून ते लावायचं असतं. तिसरी 'फूटमन लूप', म्हणजे पट्टा ओवायची चपटी कडी, दोन बाजूंना दोन स्क्रूंची भोकं. हे नाव घोड्याच्या बग्गीवरून आलेलं. फूटमन हा बग्गीच्या मागच्या फळीवर उभा राहणारा नोकर; तोल जाऊ नये म्हणून तो ज्या पट्ट्याला धरायचा, तो पट्टा या कडीत ओवलेला असे, असं सांगतात. मला ही माहिती गंमतीची वाटली, ऑफिसच्या ग्रुपवरही टाकली.

पुण्यात गेलो तेव्हा बुधवारच्या जुन्या बाजारात चार पितळी फूटमन लूप मिळाल्या. बाकीच्या करून घ्यायच्या ठरवल्या.

पुढच्या पाच आणि बाजूच्या चार कड्या निघाल्या. उरल्या मागच्या दोन. त्यांच्यापाशी मी अडलो, कारण त्या दोन बाकीच्यांसारख्या नव्हत्या. एक तर त्या पत्र्यावर नव्हत्या, हुडाच्या मागच्या उभ्या पाइपांवर होत्या, छातीच्या उंचीला. सळई जवळजवळ दुप्पट जाड. वेल्डिंग तीनदा फिरवलेलं. आणि एवढ्या मोठ्या, की पट्टा ओवला तर त्यात लोंबत राहील. हाताने चाचपल्या तर आतली बाजू गुळगुळीत. कापड इतकं गुळगुळीत करत नाही.

जुना कोड वाचताना असं पुष्कळदा होतं. कुठेतरी एक ओळ दिसते, बाकी सगळ्याच्या हिशेबात न बसणारी, वर कसली टीप नाही. नवीन असताना आपण ती काढून टाकतो. महिन्याभराने तिसऱ्याच ठिकाणी काहीतरी पडतं. दोनदा तोंड पोळल्यावर आपण लिहिणाऱ्याला शोधायला लागतो, तो कंपनीत असेल तर.

इथे लिहिणारा चौकात खुर्ची टाकून बसला होता.

"माझ्याच हातच्या," चाचा म्हणाले. "अकराच्या अकरा. पण नऊ हुडाच्या. दोन हुडाच्या नव्हं."

"मग कशाच्या?"

"हाताच्या." त्यांनी मूठ वळून हवेत धरून दाखवली, बसमध्ये दांडा धरतात तशी. "तुझे आजोबा म्हणले, असं कर की उद्या हत्ती लोंबला तरी निघाया नको. मी म्हणलं पाइप खराब होईल. ते म्हणले, होऊ दे."

मी कधीची गोष्ट विचारली. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "तुझ्या बापाला विचार," म्हणाले. मग बहुतेक त्यांना वाटलं की बाप सांगणार नाही, म्हणून थोडं त्यांनीच सांगितलं.

१९९४ची कपिलधारची यात्रा. कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधीला लोक लोटतात, दिंड्या घेऊन कुठून कुठून चालत येतात. मांजरसुंब्यापासून कपिलधार जवळच. पण परतीला थकलेली माणसं जे मिळेल त्यात बसतात. त्या दिवशी जीप दादा चालवत होते. चोवीस वर्षांचे. आत किती होते त्याची मोजदाद नाही. मागच्या बंपरवर तिघं उभे, त्यांत एक बारा-तेरा वर्षांचा पोरगा, सीताफळाची रिकामी पाटी पाठीशी. धरायला जागा नव्हती म्हणून त्याने हुडाचा पट्टा धरला होता. वळणावर जीप एका अंगाला गेली, पट्टा ज्या बटणात होता ते बटण पत्र्यातून उपटून त्याच्या हातात आलं.

"पोरगं पडलं तवा बटण मुठीतच होतं," चाचा म्हणाले. "दवाखान्यात नेईस्तोवर सोडलं नाही."

पोरगा जगला. मांडीचं हाड मोडलं, ते तिरकं जुळलं. आबांनी त्याच्या घरी जाऊन काय दिलं-घेतलं ते चाचांना ठाऊक नव्हतं. त्यांना ठाऊक होतं ते एवढंच, की तिसऱ्या दिवशी आबा एकटे जीप घेऊन दुकानासमोर आले, आणि सगळी बटणं काढून कड्या लावून घेतल्या. नऊ हुडाला, दोन माणसाला. दादांना काही बोलले नाहीत. किल्ली पुन्हा खुंटीला लावली. दुसऱ्या दिवशी बाजार होता, दादाच जीप घेऊन गेले.

घरी येताना मला घाटावरची ती पाटी आठवली. तिथे बसणारा माणूस उठताना एक हात गुडघ्यावर टेकवून उठतो, हे मी शंभरदा पाहिलेलं आहे.

त्या रात्री मी बटणाचा हिशेब केला. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. सव्वा मिलिमीटरच्या पत्र्यात नुसता स्क्रू पिळला तर पत्र्यात जेमतेम एक आटा धरतो. बाजूला ओढलं तर तो बऱ्यापैकी टिकतो, कारण तेव्हा स्क्रूचा अख्खा दांडा पत्र्याच्या कडेला भिडतो. सरळ बाहेर ओढलं तर सगळा भार त्या एका आट्यावर. चाळीस किलोचा पोरगा, वळणावरचा हिसका, आणि गंजलेला पत्रा. आकडा मांडायचीही गरज नव्हती. आणि ते फास्टनर ज्याने बनवलं त्याचीही काही चूक नव्हती. वाऱ्याने फडफडणारं कापड धरून ठेवायचं, एवढंच त्याचं काम. चाचांच्या ज्या वेल्डिंगला मी महिनाभर शिव्या देत होतो, ते कापडासाठी चुकीचंच होतं: पत्रा जाळला, मागून गंज लावला, धारदार कडांनी दोन हुडं फाडली. पण आबांनी कापडाचा विचार करून ते करवून घेतलंच नव्हतं.

दादांना मी काही दिवस विचारलं नाही. विचारलं तेव्हा ते हौदावर पाय धूत होते.

"चाचानं सांगितलं व्हय," म्हणाले. मग बराच वेळ पाणी ओतत राहिले. "आबा शिव्या देतील वाटलं होतं. मारतील वाटलं होतं. त्यांनी नुसत्या कड्या लावून आणल्या. पंधरा वर्षं मी ती गाडी चालवली. आरशात बघितलं की दोन कड्या दिसायच्या. आणखी काय सांगायचं होतं त्यांना?"

मी म्हटलं, त्या दोन कापून टाकू का. पाइपाला काही होऊ न देता निघतील.

"तुला ती पास करायची ना? मग इचारायलास कामून?" असं म्हणून ते आत गेले. मला होकार कळला नाही, नकारही नाही. मी ग्राइंडर उचलून ठेवला आणि मागच्या दोन तशाच ठेवून बाकीच्या नऊ जागांचं काम सुरू केलं.

जिथे पत्र्याचा पापड झाला होता तिथे कुजका भाग चौकोनी कापून नवा तुकडा बसवला. ते वेल्डिंग चाचांच्या मुलाने केलं, मिग मशीनने. एक ठिपका इथे, दुसरा समोरच्या कडेला, मग थांबायचं, म्हणजे उष्णता एका जागी साठत नाही. खुर्चीवरून चाचा सूचना देत होते आणि मुलगा त्या ऐकत नव्हता. नव्या कड्या मी वेल्ड करणार नव्हतो. स्क्रूने बसवायच्या, म्हणजे झिजली तर बदलता येते, खाली गंज धरला तर उघडून बघता येतं. पण नुसत्या पत्र्यात स्क्रू पिळायचा नाही, हे आता मला कुणी सांगायला नको होतं. प्रत्येक कडीमागे पत्र्याच्या आतून तीन मिलिमीटर जाड लोखंडी पट्टी, बोटभर रुंद, चार बोटं लांब. पट्टीला ४.२ मिलिमीटरचं भोक पाडून पाच मिलिमीटरचे आटे काढले. आता स्क्रू पत्र्याला धरत नाही, पट्टीला धरतो. पत्रा दोघांच्या मध्ये सँडविचसारखा दाबला जातो, आणि ओढ अख्ख्या पट्टीभर पसरते. कडी आणि पत्रा यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबचे कापलेले वॉशर, पाणी आत जाऊ नये म्हणून. पितळ आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना टेकले की लोखंड आधी खातं. तिथेही ते रबर कामाला येतं.

अठरा भोकांना आटे पाडताना तीन टॅप मोडले. एक टॅप भोकातच मोडून बसला. तो बाहेर काढण्यात एक रविवार गेला, त्याबद्दल लिहीत नाही.

हूड शिवायला बीडला दिलं होतं. तिथल्या कारागिराने मापं घेताना माझा लॅपटॉप पाहिला. मी पुढच्या फ्रेमच्या पाच कड्या बरोबर समान अंतरावर आखल्या होत्या, मिलिमीटरपर्यंत. तो हसला. "आधी हूड घाला, मग भोकं पाडा. गाडी सरळ हाय, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" त्याचं खरं निघालं. फ्रेमचा डावा कोपरा उजव्यापेक्षा नऊ मिलिमीटर खाली होता, कधीचा कोण जाणे. चाचांच्या कड्यांमधली अंतरं वेडीवाकडी होती, म्हणून मी त्यांना अडाणी म्हणत आलो होतो. आता जुने खुंट जिथे होते त्या खुणांवर टेप लावून बघितली, तर ती अंतरं या वाकड्या फ्रेमशी नीट जुळत होती.

सुती कॅनव्हास पहिल्यांदा भिजला की आटतो. म्हणून भोकं पाडायच्या आधी हूड जीपवर चढवून दोरीने बांधलं, दोनदा बादलीने भिजवलं, दोनदा उन्हात वाळू दिलं. मग मधली खूण आधी, त्यानंतर डावी-उजवी, डावी-उजवी असं बाहेरच्या बाजूला सरकत गेलो. इंजिनच्या हेडचे बोल्ट ज्या क्रमाने आवळतात, तसंच. उरलेल्या पाच लूप चाचांच्या मुलाने सळई वाकवून, चपट्या करून दिल्या. पितळी आणि लोखंडी शेजारी शेजारी बऱ्या दिसत नाहीत, म्हणून पितळी चारही पुढे लावल्या, आणि पाचव्या जागेची लोखंडी मधोमध. जाणकाराला ते खटकेल. खटकू दे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शेवटचा स्क्रू आवळला. संध्याकाळी दादा गोठ्याकडून आले. जीपभोवती एक फेरी मारली, मागच्या कोपऱ्यावरच्या कडीशी वाकले, ज्या कोपऱ्यावरचं बटण त्या दिवशी उपटलं होतं तिथे. अंगठ्याने कडी दाबली. मग आतल्या बाजूने हात घालून पट्टी चाचपली.

"किती भार घेईल?"

मी हिशेब सांगायला लागलो, त्यांनी तो ऐकला नाही. चप्पल काढली. पाइपावरच्या जुन्या कडीला हात घालून मागच्या बंपरवर चढले. पंचावन्न वर्षांचा माणूस, सत्तर किलो सहज असेल. उभे राहिल्यावर त्यांनी जुनी कडी सोडली, माझ्या कडीत ओवलेला पट्टा मुठीभोवती दोनदा गुंडाळला, आणि हात ताठ करून सगळं अंग मागे झोकून दिलं.

पत्रा कर्रकन वाजला. पट्टा ताणला गेला, कॅनव्हासला एक लांब सुरकुती पडली. दादा तसेच मागे झुकलेले, डोळे कडीवर. मी खाली दोन्ही हात पुढे करून उभा होतो. किती वेळ ते मोजलं नाही.

मग ते सरळ झाले. जुनी कडी धरून खाली उतरले आणि पट्टा सोडवून तळव्यावर उठलेला वळ चोळला.

"ह्या दोन राहू दे," पाइपाकडे बोट करून म्हणाले. "आता चल, पलीकडची बघू."